चान्सरी लेनचे जुने बिऱ्हाडकरू

परीक्षेचे दिवस आले की आमच्या भाचीचा दूरध्वनी कुजबुजत्या आवाजात येतो. ती लंडनच्या किंग्ज कॉलेजात कायद्याचा अभ्यास करते आणि वाचनालयाच्या जिन्यात उभी राहून बोलते. गेल्या खेपेस ती म्हणाली, ‘‘मावशी, आज लवकर आले म्हणून चांगली जागा मिळाली. भिंती अशा जाड की बाहेरचे चिटपाखरू ऐकू येत नाही. दारे मात्र लोखंडाची, अगदी तुरुंगासारखी.’’ कोणते वाचनालय, असे आम्ही विचारले. ‘‘मॉन लायब्ररी. चान्सरी लेनवरची.’’

चान्सरी लेन हे नाव ऐकताच आम्ही क्षणभर गप्प राहिलो. इंग्लंडातील यहुदी लोकांचा इतिहास ज्यांनी थोडासाही चाळला आहे त्यांना ती गल्ली ठाऊक असते. तिला मात्र काहीच माहीत नव्हते. परीक्षा चार दिवसांवर आलेल्या मुलीला त्या वेळी काही सांगणेही बरे नव्हते. तिची परीक्षा संपल्यावर, तेथील जुन्या ग्रंथांच्या एका प्रदर्शनाचे निमित्त साधून, आम्ही ती वास्तू डोळ्यांनी पाहून आलो. आपल्या अनेक कुटुंबांतील मुलेमुली आज येथील विद्यापीठांत शिकत आहेत. तेव्हा जे पाहिले आणि त्यावरून घरात जो वाद झाला, तो वाचक बंधुभगिनींपुढे ठेवावासा वाटतो.

प्रथम जागेची हकीकत. सन 1232 मध्ये राजा तिसरा हेन्री याने या गल्लीत एक घर स्थापन केले. त्याचे लॅटिन नाव ‘डोमस कन्व्हर्सोरम’, म्हणजे धर्मांतरितांचे घर. जे यहुदी ख्रिस्ती होत त्यांच्या निवाऱ्यासाठी ते होते. आता निवारा का लागावा, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर असे की त्या काळच्या प्रथेप्रमाणे धर्म बदलणाऱ्या यहुद्याची सारी मालमत्ता राजाकडे जमा होई. म्हणजे मनुष्य बाप्तिस्मा घेऊन बाहेर पडे तो अंगावरच्या वस्त्रानिशी, आणि मग तोच राजा त्याला छप्पर आणि अल्पसा भत्ता देई. तो भत्ताही वेळेवर मिळेलच असे नसे. पुढे 1280 मध्ये पहिल्या एडवर्डने या घराच्या खर्चासाठी यहुद्यांवरील डोईपट्टीचा पैसा लावून दिला. धर्मावर टिकून राहिलेल्यांच्या खिशातून धर्म सोडलेल्यांचा खर्च भागवावयाचा, असा तो हिशेब होता. त्याच वर्षी यहुद्यांनी धर्मोपदेशकांची प्रवचने सक्तीने ऐकावीत असाही हुकूम निघाला.

दहा वर्षांनी, 18 जुलै 1290 रोजी, एडवर्डने सर्व यहुद्यांना देश सोडून जाण्याची आज्ञा केली. आपल्या परंपरेप्रमाणे तो दिवस आव महिन्याचा नववा, आपण ज्याला बिरड्याचा सण म्हणतो तो. मुदत 1 नोव्हेंबरपर्यंतची होती. दोन ते तीन हजार माणसे समुद्रापार गेली. मागे उरले ते चान्सरी लेनच्या घरातले सुमारे ऐंशीजण. त्या दिवसापासून इंग्लंडात उघडपणे राहू इच्छिणाऱ्या यहुद्याला एकच दार मोकळे राहिले, आणि ते या घराचे होते.

या ऐंशीजणांपैकी एका बाईचे नाव आमच्या मनात घर करून बसले आहे. क्लॅरिसिया असे तिचे नाव, गाव एक्सेटर. लहान वयात ती या घरी आली, मध्यंतरी आपल्या गावाकडे जाऊन तिने संसार केला, आणि उतारवयात मुलांना घेऊन पुन्हा येथेच परतली. 1356 मध्ये ती वारली. हद्दपारीपूर्वी येथे आलेल्यांपैकी ती शेवटची. तिला हाका मारणारी, तिच्या बालपणाचे सणवार आठवणारी माणसे तिच्या हयातीतच सातासमुद्रांपलीकडे गेली होती. ती मनाने कोण होती, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

घर त्यानंतरही चालू राहिले. 1331 ते 1608 या काळात बाहेरदेशांहून आलेले 48 धर्मांतरित येथे दाखल झाल्याची नोंद आहे. परंतु माणसे कमी होत गेली आणि कागद वाढत गेले. घराचा व्यवस्थापक आणि राजाच्या न्यायकचेरीची दप्तरे सांभाळणारा अधिकारी, ज्याला ‘मास्टर ऑफ द रोल्स’ म्हणतात, ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे आली, आणि 1377 मध्ये हे घर कायमचेच त्या अधिकाऱ्याच्या ताब्यात देण्यात आले. घरातील ख्रिस्ती प्रार्थनागृहाला ‘रोल्स चॅपल’ असे नाव पडले. चर्मपत्राच्या गुंडाळ्या तेथे साठू लागल्या. बिऱ्हाडकरू गेले आणि त्यांच्या जागी दप्तर राहावयास आले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

1834 मध्ये लंडनचे पार्लमेंट जळाले. जुन्या सरकारी हिशेबाच्या खाचा पाडलेल्या लाकडी काठ्या भट्टीत जाळताना ती आग लागली होती. देशाची दप्तरे ठिकठिकाणी विखुरलेली आणि आगीच्या तोंडी असलेली पाहून 1838 मध्ये कायदा झाला, आणि 1851 पासून चान्सरी लेनला लागून एक भव्य सरकारी दप्तरखाना उभा राहू लागला. स्थपती होते सर जेम्स पेनेथॉर्न. पुण्याचे पेशवे दप्तर ज्यांनी पाहिले आहे त्यांना दगडी भिंतीआडच्या कागदी शांततेची कल्पना येईल. येथे मात्र सारी रचनाच आगीला भिऊन केलेली होती. एक मोठे दालन न ठेवता अनेक छोट्या कोठड्या, मध्ये जाड भिंती, लोखंडी दारे, आणि फळ्या लाकडाच्या न करता आपण शाळेत जिच्यावर धुळाक्षरे गिरविली त्या पाटीच्या दगडाच्या. एका कोठडीत ठिणगी पडली तर तिने तेथेच मरावे, शेजारच्या कोठडीस झळ लागू नये, हा हेतू. माणसाने येथे बसावे, रमावे, असा विचार या कोठड्या बांधणाऱ्यांनी केलाच नव्हता. माणसांसाठी होता तो गोल वाचनकक्ष. ब्रिटिश म्युझियमच्या प्रसिद्ध वाचनकक्षावरून त्याची कल्पना घेतलेली, भोवती सज्जे आणि वरून येणारा उजेड.

रोल्स चॅपलचे दुर्दैव असे की इमारतीचा शेवटचा भाग बांधताना, 1895-96 च्या सुमारास, ते पाडण्यात आले. त्याच जागी त्याच धर्तीचे एक दालन उभे केले, जुन्यांतील थडगी, रंगीत काचा हलवून तेथे बसविल्या, आणि तेराव्या शतकातील मूळ दगडी कमान बाहेरच्या भिंतीत जपून ठेवली. त्या दालनात दप्तरखान्याचे संग्रहालय झाले. इंग्लंडचे सुप्रसिद्ध ‘डूम्सडे बुक’ तेथे लोक पाहावयास येत.

याच दप्तरखान्यात मध्ययुगीन यहुद्यांचे स्वतःचे कागदही होते. त्यांच्या कर्जव्यवहारांची आणि करांची देखरेख करणारे राजाचे एक खास खाते होते, त्याचे रोल येथे आले. त्यांतील 1233 सालच्या एका रोलच्या माथ्यावर कोणा कारकुनाने नॉर्विचच्या आयझॅक नावाच्या सावकाराचे तीन तोंडांचे व्यंगचित्र काढले आहे, भोवती भुते नाचत आहेत. धर्मांतरितांचे घर स्थापन झाल्याला तेव्हा अवघे एक वर्ष झाले होते. ज्यांना या जमिनीवर राहण्यासाठी धर्म टाकावा लागला त्यांची कर्जखते आणि त्यांची थट्टा मात्र त्याच जमिनीवर, आगीपासून सुरक्षित, शतकभराहून अधिक काळ जपली गेली. आज ते सारे क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात आहे.

1977 पासून दप्तरे क्यूच्या नव्या इमारतीत जाऊ लागली आणि 1996 च्या अखेरीस चान्सरी लेनचा दरवाजा बंद झाला. एवढी मोठी, कायद्याने संरक्षित, ‘ग्रेड टू स्टार’ दर्जाची वास्तू रिकामी. भिंत फोडावयाची नाही, आणि कोठड्या तर माणसाच्या उपयोगाच्या नाहीत. अशा वास्तूचे एरवी काय होते ते आपण मुंबईत आणि येथेही पाहतो. एक तर आलिशान हॉटेल, नाही तर कुलूप. जवळच स्ट्रँडवर असलेल्या किंग्ज कॉलेजने ती घेतली. गॉन्ट फ्रान्सिस या स्थपतींनी सुमारे साडेतीन कोटी पौंड खर्चून तिचे विद्यार्थ्यांसाठी वाचनालयात रूपांतर केले, आणि 2002 च्या नोव्हेंबरात दिवंगत राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. साडेसात लाखांवर ग्रंथ, आणि संगणकाची सोय असलेल्या सुमारे साडेबाराशे बैठका, असा तेव्हाचा आकडा.

आम्ही शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला त्या काळी वर्गखोलीच्या रचनेवर एक स्वतंत्र प्रकरण असे. उजेड डाव्या हातून यावा, बाक मुलाच्या उंचीप्रमाणे असावे, इत्यादी. परीक्षेपुरते पाठ करून आम्ही ते विसरलो होतो. येथे ते पुन्हा आठवले. या स्थपतींनी जे केले त्यातील शहाणपण असे की त्यांनी कोठडीला कोठडीच राहू दिले. आग अडवण्यासाठी बांधलेली भिंत आवाजही अडविते, हे त्यांनी ओळखले. कागदाच्या रक्षणासाठी जी एकांताची रचना केली होती तीच परीक्षेस बसणाऱ्या मुलाला हवी असते. लोखंडी दारे काढून काचेची चकचकीत दारे लावली असती तर ते दालन दुसऱ्या कोणत्याही दालनासारखे झाले असते. गोल वाचनकक्षात पूर्वी संशोधक बसत, आता विद्यार्थी बसतात. त्याच्या उपयोगात फरक काहीच नाही, फक्त टेबलावर आता विजेचे दिवे आणि संगणक आहेत. आम्ही गेलो तेव्हा तेथे एक मुलगा पुस्तकावर डोके ठेवून गाढ झोपला होता. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरखालच्या ग्रंथालयातही, त्या सुंदर रंगीत काचांखाली, असाच एखादा विद्यार्थी नेहमी झोपलेला असे, हे आठवून बरे वाटले.

जुनी वास्तू विद्यार्थ्यांना देणे ही गोष्ट या देशात नवी नाही. ऑक्सफर्डला लिंकन कॉलेजने एक अठराव्या शतकातील चर्चच वाचनालय करून घेतले. 1975 मध्ये ते उघडले. चर्चची जमीन वर उचलून खाली आणखी वाचनकक्ष केले आहेत. तेथे प्रार्थना थांबली आणि वाचन सुरू झाले, एवढाच बदल. चान्सरी लेनची गोष्ट इतकी सरळ नाही.

रोल्स चॅपलच्या जागचे ते दालन आज ‘वेस्टन रूम’ म्हणून ओळखले जाते. प्रदर्शने, समारंभ तेथे होतात. आत पाऊल टाकताच नजर जाते ती एका निजलेल्या पुतळ्याकडे. हे डॉक्टर जॉन याँग, मास्टर ऑफ द रोल्स, 1516 मध्ये वारलेले. भाजल्या मातीची ही मूर्ती तोर्रिजानो नावाच्या इटालियन शिल्पकाराची, ज्याने वेस्टमिन्स्टर ॲबेतील सातव्या हेन्रीची समाधी घडविली. मूर्तीचा चेहरा फार शांत आहे. हे गृहस्थ पदसिद्ध अधिकाराने धर्मांतरितांच्या घराचेही पालक होते. पालकाचा पुतळा आहे. ज्यांचे पालकत्व केले त्यांचे मात्र तेथे काहीच दिसत नाही. वास्तूची आजची नावे पाहावीत तर तीही दात्यांची. मॉन हे कॉलेजचे माजी विद्यार्थी, त्यांनी 40 लाख पौंड दिले. वेस्टन, फॉयल हीही देणगीदारांची नावे. यात त्यांचा दोष नाही. आपल्या प्रार्थनामंदिरांत तरी काय, बाकापासून पंख्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर दात्याचे नाव असते, आणि ते रंगवावयास विसरले तर कमिटीच्या सभेत काय होते ते आम्ही येथे लिहीत नाही.

आता घरातील वाद. परीक्षेनंतर आम्ही भाचीला सारी हकीकत सांगितली. ती ऐकून घेत होती तोवर ठीक होते. परंतु तिचे वडील, आमचे मेहुणे, धार्मिक वृत्तीचे आहेत. ते म्हणाले, ‘‘अशा अपशकुनी जागी माझी मुलगी बसणार नाही. आपल्या लोकांनी जेथे तोरा टाकली तेथे अभ्यास कसला करायचा? वाचनालये काय कमी आहेत?’’ पुढच्या शब्बाथला प्रार्थनेनंतर चहाच्या वेळी हा विषय निघाला तेव्हा आणखी दोघातिघांनी त्यांना दुजोरा दिला. एका आजींनी तर ‘‘त्या लोकांना यहुदी तरी का म्हणावे?’’ असेही विचारले.

आजींचा प्रश्न आम्हांला लागला. आपण बेने इस्राएल लोकांनी हा प्रश्न इतक्या सहज विचारावा का? 1962 मध्ये इस्राएलात आपल्या मुलामुलींच्या विवाहाच्या वेळी आजीपणजीपर्यंत कुळाची चौकशी करण्याचा आदेश निघाला होता. आपले लोक जेरूसलेमच्या रस्त्यावर बसले, आणि 1964 मध्ये आपण सर्वार्थाने यहुदी आहोत हे शासनाने जाहीर केले तेव्हा कोठे ते प्रकरण निवळले. ज्यांची स्वतःची अशी मोजदाद झाली त्यांनी क्लॅरिसियाला एका वाक्यात यादीतून खोडू नये, असे आम्हांला वाटते. पोटासाठी, पोरांसाठी, भीतीने, किंवा कदाचित खऱ्या विश्वासाने तिने काय केले ते ती जाणे.

आम्ही मेहुण्यांना दुसरी एक गोष्ट सांगितली, ती आपल्या घरची. 1829 मध्ये किंग्ज कॉलेज स्थापन झाले ते इंग्लंडच्या चर्चच्या छत्राखाली. तीनच वर्षे आधी लंडनमध्ये धर्माची अट नसलेले एक विद्यालय निघाले होते, ज्याच्या उभारणीत सर आयझॅक लायन गोल्डस्मिड या यहुदी गृहस्थांचा मोठा हात होता. त्याला उत्तर म्हणून हे दुसरे निघाले. त्याच 1829 सालात डॉक्टर जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरले. आपल्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या, मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. त्यांचा हेतू काय होता ते आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. तरी त्यांनी मुले पाठविली, व्याकरण घेतले, आणि धर्म बदलणारे फारच थोडे निघाले. पुढे 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर प्रभृतींनी मुंबईत आपली स्वतःची शाळा काढली, तिला ते शिक्षण उपयोगी पडले. कोकणातल्या तेल्याच्या पोराला मिशनरी बाकावर बसण्याची भीती वाटली नाही, ती त्याच्या खापरपणतीला का वाटावी?

विल्सनच्या शाळेतून मूल संध्याकाळी घरी येत असे आणि घरी शनिवारी घाणा बंद असे. क्लॅरिसियाला असे घर उरले नव्हते. एवढा फरक आहे, आणि तो लहान नाही, हे आम्ही मेहुण्यांपाशी कबूल केले. त्यांचे समाधान झाले नाही. ते म्हणाले, निदान एक पाटी तरी हवी, नुसत्या पुतळ्याने काय होते. याबाबतीत मात्र आम्ही त्यांच्याशी सहमत आहोत. वेस्टन रूमच्या भिंतीवर 48 अधिक ऐंशी माणसांपैकी जी नावे दप्तरांत टिकली आहेत ती लिहावयास फार जागा लागणार नाही. विद्यार्थ्यांच्या नजरेस पडतील अशा ठिकाणी ती असावीत. समारंभाला आलेल्या पाहुण्यांनी ती वाचली नाहीत तरी चालेल.

भाचीने वादात भाग घेतला नाही. जूनमध्ये तिचा निकाल लागला, पुढच्या वर्षाचे वर्ग सुरू झाले. परवा रात्री दूरध्वनी आला, पुन्हा कुजबुजता. ‘‘मावशी, ती एक्सेटरची बाई, तिच्या नावाचे स्पेलिंग काय?’’ आम्ही सांगितले. ‘‘कशाला हवे?’’ असे विचारले तेव्हा म्हणाली, मध्ययुगीन मालमत्ता कायद्यावर निबंध लिहावयाचा आहे, धर्मांतरितांची जप्ती हा विषय घेतला आहे, आणि पुस्तक त्याच वाचनालयात, तळमजल्यावर मिळाले. मग ती म्हणाली, ‘‘ठेवते आता, माझ्या जागेवर कोणी तरी बसेल.’’